रोही, रानडुक्कर आणि रीलमधली गोळी: नुसता वेग वाढवून काम होतं का?



मागच्या खरिपात जिंतूर तालुक्यातल्या एका मित्राने व्हॉट्सॲपवर एक रील पाठवली. अमेरिकेतलं मोकळं माळरान, लांब नळीची रायफल आणि दोन-अडीचशे मीटरवर मांजराएवढा प्राणी. गोळी सुटते आणि प्राणी जागच्या जागी संपतो. खाली मित्राचा मेसेज: "भाऊ, ही गोळी बघ. शिसपेन्सिलीपेक्षा बारीक आहे. असली आपल्याकडे आली तर रोह्यांचा प्रश्न एका हंगामात मिटेल."

त्याला नावं ठेवता येत नाहीत. सोयाबीन उगवून दोन पानांवर आलं की रोह्यांचा कळप एका रात्रीत ओळीच्या ओळी खुडून नेतो. भुईमूग, मका, ऊस असेल तर रानडुकरं जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतात. हरभऱ्यात हरणं आणि रोही दोन्ही. परभणी जिल्ह्यात जंगल तसं अगदी कमी, पण गोदावरी, पूर्णा, दुधना यांचे काठ, ओढे, नाले आणि पडीक रान हीच या जनावरांची वस्ती. दिवसा तिथे बसायचं आणि रात्री शेतात यायचं. दिवसभर काम करून रात्री जागलीला जाणाऱ्या पोराने अशी रील पाहून हुरळून जावं, यात नवल काय?

पण त्या रीलमध्ये जे दिसतं ते रोह्यावर घडत नाही. का घडत नाही, याचं उत्तर गोळीच्या वेगात आणि आकारात आहे. ते समजून घेतलं की सध्या चालू असलेल्या "जनावरं मारायची परवानगी द्या" या चर्चेकडेही वेगळ्या नजरेने पाहता येतं. चला, नीट बघू.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

रीलवर लिहिलेलं असतं "व्हार्मिंट बुलेट". आपल्याकडच्या बातम्यांमध्ये शब्द येतो "व्हर्मिन", म्हणजे उपद्रवी प्राणी. दोन्ही शब्द मुळात एकच. पण वापर वेगळा आहे, आणि सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो.

अमेरिकेत व्हार्मिंट म्हणजे छोटे प्राणी. तिथल्या कुरणात बिळं करून राहणारा प्रेअरी डॉग साधारण एक किलोचा. ग्राउंडहॉग चार-पाच किलोचा. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा मोठा भाऊ, दहा-पंधरा किलोचा. व्हार्मिंट गोळी या वजनासाठी बनवलेली असते.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) व्हर्मिनचा अर्थ कायदेशीर आहे: ज्या प्राण्याचं संरक्षण काढून घेतलं आहे तो. या कायद्याच्या जुन्या पाचव्या अनुसूचीत कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर असे जीव होते. म्हणजे तिथेही यादी छोट्या जिवांचीच होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. पण कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठराविक भागासाठी आणि ठराविक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकतं. २०१५-१६ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकडं अशी जाहीर झाली.

आता गंमत बघा. नीलगाय म्हणजेच आपला रोही. मोठा नर २०० किलोच्या वर जातो. रानडुकराचा दांडगा नर शंभर किलोच्या घरात असतो. कायद्याच्या कागदावर तो "व्हर्मिन" झाला, म्हणून शरीराने प्रेअरी डॉग होत नाही. गोळीला अधिसूचना वाचता येत नाही. तिला फक्त समोरचं मांस, हाड आणि कातडं कळतं.

गोळीचं गणित: वजन एकदा, वेग दोनदा

शाळेत शिकलेलं सूत्र आठवा. गतिज ऊर्जा म्हणजे वजनाच्या निम्मे, गुणिले वेगाचा वर्ग. वर्ग हा शब्द महत्त्वाचा. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते.

तीन ठोकळ उदाहरणं घेऊ:

- साधी एअर रायफल, ४.५ मिमी छर्रा: वजन सुमारे अर्धा ग्रॅम, वेग २०० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा १० ज्यूल.
- .२२ एलआर, म्हणजे नेमबाजीच्या सरावात वापरतात ती छोटी गोळी: वजन २.६ ग्रॅम, वेग सुमारे ३३० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास.
- .२२३ रेमिंग्टन, रीलमधली व्हार्मिंट गोळी: वजन ३.५६ ग्रॅम, वेग सुमारे ९९० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा १,७४० ज्यूलच्या आसपास.

दुसरी आणि तिसरी गोळी जाडीला जवळपास सारख्याच, साधारण साडेपाच मिलिमीटर. वजनात फरक फक्त एका ग्रॅमचा. पण वेग तिप्पट आहे, म्हणून ऊर्जा बारापट झाली. व्हार्मिंट गोळीचं सगळं इंजिनिअरिंग या एका गोष्टीवर उभं आहे: गोळी हलकी ठेवा, वेग वाढवा. ही हौस जुनी आहे. १९३५ साली विंचेस्टर कंपनीने आणलेल्या .२२० स्विफ्ट या काडतुसाने हलक्या गोळीला सेकंदाला १,२५० मीटरपर्यंत नेलं होतं. म्हणजे ध्वनीच्या साडेतीनपटीहून जास्त.

पण नुसती ऊर्जा सगळं सांगत नाही. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किमीने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे .२२ एलआरच्या जवळपास तेवढीच! चेंडू पायाला लागला तर सूज येते, गोळी मात्र आत जाते. कारण ती ऊर्जा केवढ्या जागेवर पडते, किती खोल जाते आणि आत जाऊन गोळीचं काय होतं, हे सगळं मोजावं लागतं.

एकच गोळी, तीन वेग, तीन वेगळे परिणाम

व्हार्मिंट गोळीची रचना साधी असते. आत शिसं, वर तांब्याचं अगदी पातळ आवरण आणि बऱ्याचदा टोकाला प्लास्टिकची टोपी. ही टोपी हवेत वेग टिकवते आणि आदळल्यावर पाचरीसारखी मागे घुसून गोळी फोडते. गोळीने फुटावं, हाच हेतू. पण ती कशी फुटेल हे आदळतानाच्या वेगावर ठरतं. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, तरी ढोबळ चित्र असं:

९०० मीटर प्रति सेकंदाच्या वर: आदळताच आवरण फाटतं, शिशाचा चुरा होतो, सगळी ऊर्जा पहिल्या काही सेंटीमीटरमध्येच सांडते. आजूबाजूचं मांस क्षणभर फुग्यासारखं ताणलं जातं. एक-दोन किलोच्या प्राण्याचं सगळं शरीरच तेवढ्या जागेत मावतं, म्हणून रीलमध्ये तो जागीच संपतो.

६०० ते ९०० च्या दरम्यान: गोळी फुटते किंवा छत्रीसारखी उघडते, पण स्फोट झाल्यासारखा परिणाम कमी होत जातो. तुकडे मोठे राहतात आणि थोडे जास्त खोल जातात.

५०० च्या आसपास आणि खाली: भरवसा संपतो. कधी अर्धवट उघडते, कधी उघडतच नाही. सुईसारखं बारीक भोक पाडून आत राहते किंवा आरपार जाते. प्राणी पळून जातो आणि तासाभराने किंवा चार दिवसांनी कुठेतरी मरतो.

वेगाला वरूनही मर्यादा आहे. नळीच्या आतल्या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते. बारा इंचात एक फेरा असा पिळ असेल आणि वेग हजार मीटर प्रति सेकंद असेल, तर गोळी मिनिटाला जवळपास दोन लाख फेरे घेते. घरातला पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो! पिळ आणखी घट्ट असला तर अगदी पातळ आवरणाची गोळी कधी कधी हवेतच फाटते, लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे "जितका वेग जास्त तितकं चांगलं" हेसुद्धा खरं नाही.

अंतर वाढलं की गोळी बदलते

काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. गोळी बाहेर पडली की हवा तिला सतत मागे ओढते, आणि हलकी गोळी वेग लवकर गमावते. वरच्याच .२२३ गोळीचे ठोकळ आकडे पाहा:

- नळीपाशी: ९९० मीटर प्रति सेकंद, १,७४० ज्यूल
- १०० मीटरवर: ८६०, सुमारे १,३१० ज्यूल
- २०० मीटरवर: ७४०, सुमारे ९८० ज्यूल
- ३०० मीटरवर: ६४०, सुमारे ७३० ज्यूल
- ४०० मीटरवर: ५४०, सुमारे ५२० ज्यूल

तीनशे मीटरवर वेग एक तृतीयांशाने कमी झाला, पण ऊर्जा निम्म्याहून खाली गेली. पुन्हा तोच वर्ग! चारशे मीटरवर ती गोळी रीलमधली गोळी राहिलीच नाही. नाव तेच, खोकं तेच, काम वेगळं.

प्ले स्टोअरवर बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरची ॲप्स मिळतात. गोळीचं वजन, वेग आणि आकार भरला की ती असेच तक्ते काढून देतात. गणित म्हणून ती बरोबर असतात. पण अंधारात हलणारी सावली रोह्याची आहे की शेजाऱ्याच्या म्हशीची, आणि तिच्या मागे दुसऱ्या शेतात कोण पाणी धरतंय, हे कुठलंही ॲप सांगत नाही.

रीलमध्ये काय दिसत नाही?

आपण मोबाईलवाले लोक, म्हणून हा भाग खास आपल्यासाठी.

साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम घेतो. हजार मीटर प्रति सेकंदाने जाणारी गोळी दोन फ्रेमच्या मध्ये ३३ मीटर पुढे जाते. फोनच्या २४० फ्रेमवाल्या स्लो-मोशनमध्येसुद्धा ती चार मीटर सरकते. म्हणजे गोळीने आत काय केलं हे तुमचा फोन पकडूच शकत नाही. ज्या व्हिडिओंमध्ये गोळी जेलमध्ये शिरताना दिसते, ते सेकंदाला हजारो फ्रेम घेणाऱ्या खास कॅमेऱ्यांनी काढलेले असतात.

आणि ते जेल म्हणजे जिलेटिनचा ठोकळा. मांसाच्या घट्टपणाचा अंदाज यावा म्हणून वापरतात. दोन गोळ्यांची तुलना करायला उत्तम, पण त्याला कातडी नाही, हाड नाही, आणि तो हलत नाही. बहुतेक चाचण्या जवळून, म्हणजे पूर्ण वेगात केलेल्या असतात. त्यात नेम चुकलेले, अर्धवट लागलेले, प्राणी जखमी होऊन पळालेले प्रसंग कापलेले असतात. अशा रीलला व्ह्यूज मिळत नाहीत ना!

मग रोह्यावर काय होईल?

आता सगळं एकत्र करू. व्हार्मिंट गोळी वरच्या वरच फुटण्यासाठी बनवलेली आहे. रोह्याची मानेची आणि छातीची कातडी जाड. रानडुकराच्या नराला खांद्यावर कातडी आणि कुर्चेची ढालच असते, नर एकमेकांशी झुंजतात त्यासाठी. त्यामुळे जी गोळी एक किलोच्या प्राण्यात सगळी ऊर्जा ओतते, तीच इथे वरच्या थरात चुरा होऊन थांबू शकते. मोठी, भयानक जखम होते, पण आतपर्यंत पोहोचत नाही. लांबून मारली तर उलट बारीक भोक.

दोन्हीचा शेवट एकच: जखमी जनावर. जखमी रानडुक्कर उसात शिरलं तर सकाळी ऊस तोडायला जाणाऱ्या टोळीचं काय, हे गावातल्या कुणालाही विचारा. जखमी रोही चार शेतं तुडवत ओढ्याला जाऊन पडतो. पीक वाचलं नाहीच, वर त्रास वाढला. शिवाय फुटलेल्या गोळीतला शिशाचा बारीक चुरा त्या मांसात पसरलेला असतो. ते मांस कुत्री, कोल्हे, पक्षी खातात. शिसं विषारी आहे. याच कारणाने कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, कारण तिथली दुर्मीळ कोंडोर गिधाडं शिशाने मरत होती.

म्हणूनच मोठ्या प्राण्यासाठी जगभर वेगळी, जड आणि न फुटता उघडणारी गोळी वापरतात. आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीत बनणाऱ्या .३१५ स्पोर्टिंग रायफलची गोळी जवळपास १६ ग्रॅमची असते. वेग .२२३ पेक्षा बराच कमी, वजन मात्र चौपटीहून जास्त. ही रीलमध्ये छान दिसत नाही, पण तिचं काम वेगळं आहे.

आपला शस्त्र कायदा (१९५९) वाचला तर हेच दिसतं. पीक संरक्षणासाठी त्यात, कलम १३ मध्ये, ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती गावातली जुनी, संथ आणि मोठ्या आवाजाची बंदूक. शेकडो मीटरवर मारा करणारी वेगवान रायफल त्यांनी शेतकऱ्यासाठी धरलेलीच नव्हती.

"मग हळू गोळी तरी सेफ असेल"?

नाही. ही चूक उलट बाजूची आहे.

.२२ एलआर ही छोटी आणि हळू गोळी. पण तिच्या खोक्यावरच इशारा असतो की ती दीड मैल, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. परभणीच्या सपाट रानात २.४ किलोमीटरमध्ये अख्खं दुसरं गाव येतं. आणि हळू गोळी सहसा फुटत नाही, त्यामुळे दगडावर, पाण्यावर आपटून उडण्याचा धोका तिला जास्त. बांधावरचा काळा दगड यासाठी पुरेसा आहे.

एअरगनचंही तसंच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी असेल तर एअरगनलाही परवाना लागतो. त्याच्या आतलीला लागत नाही, म्हणून पोरं तिला खेळणं समजतात. पण सेकंदाला १०० मीटर वेगाचा छर्रासुद्धा कातडी भेदू शकतो. डोळ्याला त्याहून कमी वेग पुरतो. आणि परवाना लागत नाही म्हणजे मोर, वानर, ससा मारायला मोकळीक आहे असं अजिबात नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात "कार्बाइड गन"मुळे कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. शेतात माकडं, पाखरं पळवायला वापरायचं साधन रील्समुळे फटाका झालं. त्यात तर गोळीही नव्हती.

कायदा सध्या काय म्हणतो?

थोडक्यात आणि सरळ:

- रोही आणि रानडुक्कर दोन्ही संरक्षित प्राणी आहेत. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात वरच्या संरक्षणात.
- कायद्यातल्या "शिकार" या शब्दात मारणं, जखमी करणं, फास लावणं, विष घालणं आणि नुसता प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा झाला.
- सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि दंड.
- पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली वनविभाग लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोह्याच्या पारधीच्या परवान्याची पद्धत २०१५ मध्ये ठरवून दिलेली आहे. परवानगी त्या अर्जापुरती, त्या अटींपुरती असते. ती गावाला मिळालेली सूट नव्हे.
- स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण पीक वाचवणं यात धरत नाहीत.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: असा पराक्रम करून त्याची रील टाकली, तर पुरावा तुम्हीच तयार करून दिला.

बिहारमध्ये मारलं, मध्य प्रदेशात पकडलं

जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात हैदराबादहून नेमबाज बोलावून काही दिवसांत दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या. तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. मनेका गांधींनी टीका करताना आपल्या चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारल्याचाही उल्लेख केला. पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांचं म्हणणं होतं की राज्यांनी मागणी केल्यावर, ठराविक भागासाठी आणि मुदतीसाठीच परवानगी दिली जाते.

त्या वादात दोन्ही बाजूंनी "मारायचं की नाही" एवढंच बोललं गेलं. कोण मारणार, कशाने, किती अंतरावरून, जखमी जनावर कोण शोधणार, हे प्रश्न मागे पडले. आजही टीव्हीवर आणि गावच्या ग्रुपवर हेच चालतं. बिहारमध्ये हे काम निवडक नेमबाजांनी, सरकारच्या देखरेखीत केलं. प्रत्येक शेतात एकेक बंदूक, हा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरा रस्ता मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवला. शाजापूर आणि आसपासच्या भागातून दक्षिण आफ्रिकेच्या तज्ज्ञांच्या मदतीने, हेलिकॉप्टरने कळप हाकत नेऊन नऊशेच्या आसपास काळवीट आणि नीलगायी पकडल्या आणि दुसरीकडे सोडल्या. खर्चिक आहे, पण एकही गोळी न झाडता शेतं मोकळी झाली. काळवीट असलेल्या परभणीसारख्या भागात हा पर्याय मागायला हरकत नाही.

आपल्या हातातलं साधन कुठे चालतं?

बंदुकीपेक्षा फोन जास्त कामाचा ठरेल अशी एक घडामोड झाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान जादा कवच म्हणून घेता येईल. ज्या राज्यांना याचा मोठा फायदा होईल असं केंद्राने म्हटलं, त्यात महाराष्ट्र आहे.

यातल्या अटी नीट वाचा:

१. हे जादा कवच आहे, आपोआप लागू होत नाही. कोणते प्राणी आणि कोणता भाग, हे राज्याने जाहीर करायचं आहे. विमा भरण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यासाठी अधिसूचना निघाली का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

२. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत क्रॉप इन्शुरन्स ॲपवर तक्रार टाकायची, जिओटॅग असलेल्या फोटोंसह.

३. म्हणून फोटो काढण्याआधी फोनचं लोकेशन चालू करा. एक फोटो लांबून, पूर्ण शेत दिसेल असा. एक जवळून, खुडलेली किंवा उकरलेली झाडं दिसतील असा. एक पायाच्या ठशांचा किंवा लेंड्यांचा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो टाकू नका, त्यातली लोकेशनची माहिती निघून गेलेली असते.

४. अडचण आली तर पीक विम्यासाठी १४४४७ आणि वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

विमा नसेल तरी वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीसाठी वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तिथेही हेच फोटो कामाला येतात. आणि सौर झटका मशीन लावणार असाल तर तेवढंच लावा. मेन लाइनचा करंट थेट तारेत सोडू नका. रोह्याआधी माणूस मरतो.

हे सगळं केल्यावर प्रश्न सुटतो का? पूर्ण नाही. पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नाही, भरपाई हंगाम उलटल्यावर मिळते, ही तक्रार गावोगाव आहे आणि ती रास्त आहे. पण तक्रारींची नोंदच झाली नाही तर जिल्ह्यात रोह्यांचा त्रास किती, हे कागदावर येत नाही. आणि कागदावर आलं नाही तर पकडून नेण्याची मोहीमही येत नाही, देखरेखीखालची परवानगीही येत नाही.

मित्राला मी शेवटी लिहिलं: "ती गोळी एक किलोच्या प्राण्यासाठी बनवली आहे. आपला रोही दोनशे किलोचा आहे. रात्री नुकसान झालं की सकाळी आधी फोटो काढ, मग मला फोन कर." दोन दिवसांनी त्याने हरभऱ्याच्या शेतातले चार फोटो पाठवले. लोकेशन चालू होतं.

तुमच्या भागात रोही किंवा रानडुकरांचा त्रास किती आहे आणि अर्ज केल्यावर काय अनुभव आला, ते खाली नक्की सांगा. आणि ती रील ज्या ग्रुपवर आली असेल, त्याच ग्रुपवर हा लेखही टाका.